‘विरोधाभास’ सगळीकडे चालत नाही

तर्क आणि गणितावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद भाषासंपादनासाठी आला, तेव्हा त्यात पॅराडॉक्स, कॉन्ट्रडिक्शन, ऑक्सिमोरॉन, आयरनी या सगळ्यांना एकच शब्द होता: विरोधाभास. अनुवादिकेच्या मूळ खर्ड्यात शब्द वेगवेगळे होते. ‘परिभाषा एकसारखी हवी’ म्हणून प्रकाशनगृहात कुणीतरी फाइंड-रिप्लेस मारला होता. एका संकल्पनेला एक शब्द, ही झाली एकसारखी परिभाषा. चार संकल्पनांना एक, ही नव्हे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा एवढा व्यवहार चालतो, तरी हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हे उलट रिप्लेस मारून सुटत नाही. मूळ पान शेजारी ठेवून एकेक जागा तपासायची आणि आधी बघायचं की विरोध कशाकशात आहे. ‘उघड गुपित’सारखा दोन शब्दांत असेल तर ऑक्सिमोरॉन, तिथे सिद्ध काही करायचं नसतं. अपेक्षा आणि घडलेलं यांत असेल, म्हणजे वाहतूक सुरक्षेच्या फेरीनेच लक्ष्मी रस्ता तुंबला असं काही, तर आयरनी. बोलण्यातली आयरनी असेल तर बहुतेकदा ‘उपरोध’ बसतो. दोन विधानांत असेल तर कॉन्ट्रडिक्शन, म्हणजे व्याघात.

पण इथेही फसायला होतं. ‘सगळे कावळे काळे असतात’ आणि ‘एकही कावळा काळा नसतो’ ही विधानं कॉन्ट्रडिक्टरी नाहीत, कॉन्ट्ररी आहेत. दोन्ही एकदम खरी नसतील, पण काही कावळे काळे आणि काही पांढरे निघाले तर दोन्ही खोटी ठरतात. व्याघातासाठी दुसरं विधान ‘निदान एक कावळा काळा नाही’ असंच लागतं. मग एक खोटं ठरलं की दुसरं खरंच. दोन्ही प्रकारांना ‘विरोधी’ म्हटल्यामुळे अनुवादातल्या एका सिद्धतेची पायरीच निखळली होती.

पॅराडॉक्स म्हणजे पटणाऱ्या गृहीतकांवरून, पटणाऱ्या पायऱ्यांनी न पटणाऱ्या निष्कर्षाला पोचणं. 23 जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50.7 टक्के असते. आपण ‘माझ्याशी कुणाचा जुळेल’ असा विचार करतो, प्रत्यक्षात जोड्या 253 असतात. निष्कर्ष खरा, विरोध नुसता भासतो. इथे विरोधाभास चपखल. अलंकारशास्त्रातही वरवर विरोध आणि आत मेळ, हाच त्याचा अर्थ.

घोडं अडलं ते रसेल यांच्या पॅराडॉक्सपाशी. जे संच स्वतःचे सदस्य नाहीत, त्या सगळ्यांचा संच स्वतःचा सदस्य आहे का? आहे म्हणावं तर नाही ठरतो, नाही म्हणावं तर आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1902 साली हे जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांना पत्राने कळवलं, तेव्हा फ्रेगे यांच्या अंकगणितावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत होता. त्याला परिशिष्ट जोडावं लागलं. हा विरोध भासत नाही, आहेच. ‘कुठलाही गुणधर्म घ्या, त्याचा संच होतो’ हे गृहीतकच पुढे सोडावं लागलं. नावात ‘आभास’ आला तर वाचकाला वाटणार, थोडं नीट पाहिलं की सगळं जुळेल.

मजकुरात मी व्याघात केलाय आणि शीर्षकात पॅराडॉक्स तसाच ठेवलाय. अनुवादिकाबाईंचं म्हणणं, ‘कूट’ घ्या. पण कूट उकलतं, आणि उकललं की मांडणाऱ्याचं काही बिघडत नाही; फ्रेगे यांचा तर पायाच गेला. आमचं एकमत झालेलं नाही. फर्मे छपाईला जायला अजून अवकाश आहे.