पिठाची विरी

ज्वारी दळून आणली की त्याच दिवसापासून पिठाचे दिवस भरायला लागतात. पहिला आठवडा ते शहाण्यासारखं वागतं. कढत पाण्यात भिजवलं, तळहाताच्या टाचेनं रगडलं की गोळा मऊसूत होतो आणि परातीत थापताना भाकरी स्वतःभोवती फिरत फिरत वाढते. पंधरा-वीस दिवसांनी तेच पीठ, तेच पाणी, तोच हात. पण कडांना चिरा जातात. उचलायला जावं तर अर्धी भाकरी हातात येते आणि अर्धी परातीतच राहते. चवही जराशी कडवट लागते. पिठाची विरी गेली, म्हणतात ते हेच.

यात थापणाऱ्या हाताचा दोष नसतो. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नाही. भाकरी एकसंध राहते ती कढत पाण्यानं फुललेल्या स्टार्चच्या जोरावर. दाणा अख्खा असेपर्यंत त्याच्या अंकुरातलं तेल बंदिस्त असतं, म्हणून कोरडी ज्वारी वर्षभर सहज टिकते. गिरणीत दाणा फुटला की ते तेल सगळ्या पिठाला लागतं, त्याला हवा लागते आणि ते हळूहळू खवट होतं. म्हणून जाणती माणसं एका वेळी तीन-चार किलोच दळून आणतात. विरी गेलेल्या पिठाला उपाय एकच, उकड: पाण्याला उकळी आली की त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफवायचं आणि कोमट झाल्यावर मळायचं. भाकरी होते, पण ती डागडुजीची भाकरी.

पीठ तर पीठ, मळलेला गोळासुद्धा ठेवता येत नाही. पोळ्यांची कणीक तासभर आधी भिजवली तर उलट सुधारते. भाकरीचा गोळा एकेका भाकरीपुरता, थापायच्या आधीच मळायचा. आठ भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलं की पाचव्या-सहाव्या भाकरीपर्यंत ते सैल पडून चिरायला लागतं. मग तव्यावरचं कसब वेगळंच. पिठाची बाजू वर ठेवायची, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आलेलं, पण पुरतं सुकलेलं नाही, अशा वेळी उलटायची. उशीर झाला तर वरून तडकते, घाई केली तर तव्याला चिकटते. मधली वेळ काही सेकंदांची, आणि ती दर भाकरीला नव्यानं साधायची. कालची चांगली साधली होती म्हणून आजची फुगत नाही.

मराठी ख्रिस्ती घरांत रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ आहे: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ मूळ ग्रीक शब्द ‘आर्तोस’. त्या मुलखातली गव्हाची नाहीतर जवाची भाजलेली रोटी. मराठीत तिची भाकर झाली आणि ती ओळ थेट चुलीपाशी येऊन बसली. एवढं चपखल भाषांतर क्वचितच जमतं. मागणं भाकरीचं आहे. ज्वारीच्या पोत्याचं नाही, पिठाच्या डब्याचंही नाही. जी वस्तू आज केली तर आजच मऊ असते, ती मागितली आहे. उरलेली भाकर मऊ राहावी म्हणून कोणी फ्रिजमध्ये ठेवली तर तिथे स्टार्च अधिकच लवकर घट्ट होतो. सकाळी भाकरी नाही, पुठ्ठा निघतो.

यातल्या ‘रोजची’ या शब्दानं विद्वानांना बराच घाम फोडला आहे. ग्रीकमध्ये तिथे ‘एपिऊसिओस’ असा शब्द आहे, आणि बायबलच्या नव्या करारात तो फक्त याच प्रार्थनेत भेटतो, मत्तयाच्या शुभवर्तमानात एकदा आणि लूकाच्या शुभवर्तमानात एकदा. हा शब्द ग्रीक माणसांच्या बोलण्यात नाही, असं तिसऱ्या शतकात ग्रीकमध्येच लिहिणाऱ्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानंच लिहून ठेवलं. जेरोम या भाषांतरकारानं बायबल लॅटिनमध्ये आणताना लूकात ‘रोजची’ केलं, तर मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द घडवला. कोणी म्हणतात ‘उद्याची’, कोणी म्हणतात ‘गरजेपुरती’. आपल्याला वाटतं, त्या शब्दाशी दोन हजार वर्षं झटणाऱ्यांनी एकदा भाकरी थापून पाहायला हवी होती. गरजेपुरती आणि रोजची हे दोन अर्थ तिथे वेगळे राहत नाहीत.

त्याच ओळीतला ‘आमची’ मात्र पटकन सुटून जातो. दार लावून एकट्यानं प्रार्थना करणाऱ्यानंही ‘माझी भाकर’ म्हणायचं नाही. शेजाऱ्याच्या परातीचा हिशोब आपल्या मागण्यात आधीच धरलेला आहे.

रोजचं रोज घ्यायची हीच शिस्त पूर्वी एका अख्ख्या लोकसमुदायाला लावली गेली होती. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात इस्राएल लोक रानात भुकेले आहेत आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरं, धण्यासारखं पडलेलं दिसतं. ते एकमेकांना विचारतात, ‘मान हू?’ म्हणजे ‘हे काय?’ तेच त्याचं नाव पडलं, मान्ना. पुढची 40 वर्षं ते लोक ‘हे काय?’ खात होते. (ताटाकडे बघून तोच प्रश्न विचारणारी मंडळी घरोघरी असतात, पण त्यांचं सोडून देऊ.) माणशी एक ओमर गोळा करायचा, ढोबळमानानं दोन लिटर, आपल्या मापानं अर्ध्या पायलीच्या आसपास. मोजून पाहिलं तेव्हा ज्यानं जास्त गोळा केलं त्याला जास्त झालं नव्हतं आणि ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नव्हतं. काहींनी सकाळसाठी लपवून ठेवलं. त्यात किडे पडले, घाण सुटली आणि त्यांचा पुढारी मोशे संतापला. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचं, दोन ओमर, आणि ते सातव्या दिवसापर्यंत खुशाल टिकायचं. वस्तू तीच. पाच दिवस रात्रीतून नासणारी आणि सहाव्या रात्री न नासणारी. म्हणजे टिकणं त्या मान्न्याच्या अंगचं नव्हतं. देणाऱ्याच्या शब्दावर होतं.

ऊन चढलं की मान्ना वितळून जायचा, तेव्हा पहाटे उठून वाकून वेचणं भागच होतं. नंतर तो जात्यावर दळायचा किंवा उखळात कुटायचा, भांड्यात शिजवायचा, त्याच्या भाकरी करायच्या. बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकात ही कृती दिली आहे. देवावर अवलंबून राहायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती वाचावी. स्वर्गातून आलेलं धान्यही आयतं पीठ होऊन आलं नाही.

देव कसा आहे, याचं उत्तर शास्त्र, म्हणजे बायबल, एका डोंगराच्या नावातून देतं. बळी द्यायला डोंगरावर गेलेल्या अब्राहामाला, इस्राएलांच्या मूळपुरुषाला, झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो आणि तो त्या जागेला ‘यहोवा यिरे’ म्हणतो. भजनांत आपण याचा अर्थ ‘पुरवणारा देव’ असा घेतो, पण मूळ इब्री (हिब्रू) क्रियापद साधं ‘पाहणे’ आहे: परमेश्वर पाहील. पाहण्याचं पुरवणं कसं झालं, हे इतर भाषांत टीपा देऊन सांगावं लागतं. मराठी माणसाला टीप लागत नाही. ‘जेवणाची तुम्ही काळजी करू नका, मी बघतो,’ असं घरचा कर्ता म्हणतो तेव्हा तो जेवणाकडे नुसता डोळे लावून बसणार नसतो. आपल्या बोलण्यात बघणं आणि करणं एकाच शब्दात राहतात. देवाचा स्वभाव सांगायला याहून जड शब्द शोधायची फारशी गरज नाही. तो बाप आहे आणि तो बघतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात हेच जमिनीबद्दल सांगितलं आहे, आणि तो उतारा खरा कळतो तो जिरायतदाराला. मोशे लोकांना सांगतो, मिसरात (इजिप्तमध्ये) तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायानं पाणी देत होता. जिथे जाताय तो डोंगरखोऱ्यांचा देश आकाशातल्या पावसाचं पाणी पितो, आणि वर्षाच्या आरंभापासून शेवटापर्यंत परमेश्वराचे डोळे त्याच्यावर असतात. म्हणजे सरळ मराठीत, बागायत सोडून जिरायतीत निघाला आहात. वचनदत्त देश म्हणून मिळाला तो कोरडवाहू! नाईलच्या पाण्यावर पिकणाऱ्याला वर बघायची गरज पडत नाही. कनानात, म्हणजे त्या वचनदत्त देशात, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला नाही तर पेरणीला जमीन मऊ होत नाही, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात चुकला तर कणीस भरत नाही.

नगर-सोलापूरकडची रब्बी ज्वारी याच जातीची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची, एकरी चार किलो बी, दोन ओळींत 45 सेंटिमीटर. त्यानंतर आभाळातून फारसं काही मिळत नाही. परतीच्या पावसानं काळ्या जमिनीत जी ओल मुरवून ठेवली, तिच्यावरच मालदांडी या ज्वारीच्या वाणाला सुमारे चार महिने काढायचे असतात. शेतकऱ्याच्या हाती राहते ती कोळपणी. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला कोळपं फिरवलं की तण जातं आणि जमिनीच्या भेगा बुजून ओल उडायची थांबते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते खरं आहे. कोळपणीनं पाणी तयार होत नाही. मिळालेलं राखलं जातं. न कोळपता पिकाची वाट पाहणं हा भरवसा नव्हे, आणि कोळप्यानंच पीक आणलं असं म्हणणं हेही खोटं.

मग साठवायचंच नाही का? हा प्रश्न रास्त आहे, कारण कणगी आणि पेव यांवाचून आपल्याकडे दुष्काळ निघालेच नसते. मिसरच्या राजाचा कारभारी योसेफ यानं सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला, आणि शास्त्र त्याला शहाणा म्हणतं. लूकाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतातल्या धनवानानंही कोठारंच बांधायला काढली आणि त्याला मूर्ख म्हटलं. दोघांच्या कोठारांत धान्यच होतं. फरक ऐकायचा असेल तर धनवानाचं बोलणं ऐकावं. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, आणि शेवटी तो आपल्याच जिवाला सांगतो, खा, पी, मजा कर. एवढ्या मोठ्या घरात बोलायला त्याला दुसरं कोणी नाही. योसेफाच्या कोठारांवर मात्र भुकेल्यांची रांग होती.

उरलेल्याचंही असंच आहे. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजार पुरुषांना पुरल्यावर येशू म्हणतो, तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या. पाचाच्या हजारो करणाऱ्याला तुकड्यांची कसली पडली होती! पण पडली होती. मान्ना लपवणारा उद्याला भ्यालेला होता. तुकडे वेचणारा आजच्याचा मान राखत होता. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या स्वयंपाकघराला हा फरक समजावून द्यावा लागत नाही. भाकरी बारीक कुस्करायची, फारच कडक असेल तर आधी ताकाचा हबका मारायचा, फोडणीत कांदा-मिरची परतून घ्यायची आणि झाकण ठेवून एक वाफ. पाणी जास्त झालं तर लगदा होतो, तेवढं सांभाळायचं.

राहता राहिली बायबलमधली सारफथ गावची विधवा. मोठ्या दुष्काळात तिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल आहे. दोन काटक्या वेचून शेवटचं रांधायचं आणि लेकासह खाऊन मरायचं, इतकाच तिचा बेत. एलीया हा संदेष्टा तिच्याकडे आधी आपल्यासाठी लहानशी भाकर मागतो. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही आणि तेल आटणार नाही, असा शब्द देतो. तसंच घडतं. पण मडकं भरलं, असं त्या गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही. सरलं नाही, एवढंच लिहिलं आहे. म्हणजे कितीतरी दिवस, रोज सकाळी, तिचा हात तळाला लागत असणार. बोटांना मडक्याचा खरखरीत बुडखा जाणवत असणार आणि तरी तिघांपुरतं निघत असणार. काठोकाठ भरलेलं मडकं मिळतं तर महिन्याभरात त्याला जाळी धरली असती. तिच्या भाकरीला कधी चिरा गेल्या नसाव्यात.