नागपूर, चौथी रात्र

गुरुवार, रात्री पावणेबारा

आज झोप लागेलसं वाटतंय. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. फ्रिज गुरगुरला तरी जाग यायची, शेजारच्या गेटची कडी वाजली तरी. जागा बदलली की झोप लागत नाही, असं आजी म्हणायची. मला ते म्हाताऱ्यांचं खूळ वाटे. आता वाचतोय तर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात नेमकं हेच तपासलेलं. अनोळखी खोलीतल्या पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू, म्हणजे तिचा एक भाग, उजवीपेक्षा सावध झोपते. कुणीतरी राखणीला हवंच ना!

बदलीला चार दिवस झाले. गंमत म्हणजे हे चार दिवस मी तासातासाने सांगू शकतो. सोमवारी दूधवाला म्हणाला, "नवीन आले का जी तुम्ही?" मंगळवारी तर्री पोहे खाल्ले. (तर्री चांगली आहे. पण आमच्या मिसळीच्या कटाशी तुलना करायला लावू नका.) बुधवारी शंकरनगर चौकातून चुकीच्या गल्लीत शिरलो, तिथला पिवळा बंगलासुद्धा आठवतो. आणि बदलीआधीची शाहूपुरीतली चौदा वर्षं? घर, ऑफिस, घर. सगळे दिवस एकावर एक ठेवून दाबल्यासारखे. नवं काही समोर आलं की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि त्या सुमाराच्या आठवणी पक्क्या बसतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. शाहूपुरीत माझ्या मेंदूला तशी तसदी क्वचितच पडली असणार.

उंदरांवरूनच आठवलं. शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि जागा सांभाळणाऱ्या भागात, अशा पेशी सापडल्या की ठरावीक कोपऱ्यात गेलं की ठरावीक पेशी जागी होते. २०१४ चं नोबेल त्यांना आणि मोझर दांपत्याला मिळालं. उंदराला नव्या पेटीत सोडलं की जुन्यातल्या काही पेशी गप्प होतात, दुसऱ्या बोलू लागतात, आणि काही मिनिटांत नवा नकाशा आकाराला यायला लागतो. मिनिटांत! मला चौथ्या दिवशीही चमच्यांचा खण सापडत नाही.

मघाशी हिचा फोन आला. लेकीची बारावी आहे, म्हणून दोघी तिकडेच. "अहो, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंत?" काही केल्या आठवेना. मग डोळे मिटले आणि मनातल्या मनात आमच्या दारातून आत शिरलो. चपलांचा स्टँड, सोफा, देवघर, त्याखालचा खण. "खालच्या खणात बघ, पंचांगाखाली." सापडलं.

फोन ठेवला, पाणी प्यायला उठलो आणि दाराच्या डाव्या हाताला दिव्याचं बटण चाचपत राहिलो. इथे ते उजवीकडे आहे.