शिक्षा वाढवा, पण आधी ती लागू द्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यावर छापा टाकून मेफेड्रोन (एमडी) या अमली पदार्थाचा साठा पकडला, तेव्हा चादरी आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या सोलापूरचे नाव एमडीच्या बातमीत वाचून मला फार वाईट वाटले. अशा घटनेनंतर शिक्षा वाढवण्याची मागणी होते आणि तिच्यामागचा संताप मला मान्य आहे. परंतु कायदा मवाळ आहे, हे मला पटत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त मेफेड्रोन ही व्यावसायिक मात्रा धरली जाते आणि तेवढा माल सापडल्यास १० ते २० वर्षे सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड आहे. कलम ३७ मुळे जामीनही सहजासहजी मिळत नाही. त्यातच २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे संघटित गुन्हेगारीविषयीचे कलम १११ आले, आणि २०२५ मध्ये हे गुन्हे मकोका या राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कक्षेत आणणारे विधेयक राज्य विधिमंडळाने मंजूर केले.

खटला ढासळतो तो पंचनाम्यात. हैदराबाद रस्त्यावर रात्री गाडी अडवून गांजाची पोती उतरवली, की वजन करणे, पाकिटांवर लाखेचे सील लावणे, पंचांच्या सह्या घेणे आणि पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढणे, हे सारे बिनचूक व्हावे लागते. सील जुळले नाही, मुद्देमालाच्या नोंदीत तफावत निघाली किंवा पंच फितूर झाले, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, मग कलमात वीस वर्षे लिहिलेली असोत की जन्मठेप. कोयत्याने वार करणाऱ्यांच्या खटल्यांतही हेच घडते: शेजाऱ्याने सगळे पाहिलेले असते, पण आरोपी त्याच गल्लीत राहत असल्याने साक्षीच्या दिवशी त्याला काहीच आठवत नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली. तिचा आधार अशा शेजाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

नशेच्या आहारी गेलेल्या पोरांनाही विक्रेत्यांच्याच रांगेत उभे करणे मला अन्यायाचे वाटते. अल्प मात्रेसह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेण्यास तयार असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचेच कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते, आणि हे किती आईबापांना ठाऊक असते? पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या त्या आईला ही तरतूद त्याच दिवशी कोणीतरी समजावून सांगायला हवी.