सीनेचा पूर आणि मामांचा राग

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडच्या आमच्या मामांच्या गोठ्यात शिरलं. कडबा कुजला, विहीर गाळानं भरली. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब चिखल तुडवत आले, तर मामा त्यांच्यावरच उखडले. त्या बिचाऱ्यांच्या हातात काय असतं? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याची सूत्रं कलेक्टरकडे दिली. मदतीचा पैसा येतो त्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. एनडीआरएफनं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलानं, बोटीतून माणसं काढली, मानलं त्यांना. पण ओढ्यातल्या, पाणी तुंबवणाऱ्या बाभळी तोडायला दिल्लीहून कोण येणार? ते ग्रामपंचायतीनंच, तेही मृगाआधी करायचं. मामा म्हणाले, "बाभळी तोडतो रे, पण वरच्या धरणाचं पाणी सुटतंय हे आम्हाला वेळेत सांगणार कोण?" इथं मात्र मामांचंच बरोबर. ते काम सरकारचं.