मूठभर काकडं

शनिवारी रात्री आत्याचा फोन आला. "मृग लागलाय, दोन दिवस पडतोय पण बऱ्यापैकी. शेवळं आली असणार. उद्या लवकर ये, नंतर तुमच्या लाइनीवर ब्लॉक आहे." आमची आत्या नौपाड्यात राहते. आम्ही सीकेपी, आणि पहिल्या पावसानंतर घरात शेवळं, ही पावसाळी रानभाजी, शिजली नाहीत तर तिला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. मला खरं तर एक रोवळी हवी होती. तांदूळ धुवायला स्टीलची चाळणी वापरून वापरून कंटाळा आला होता.

रविवारी पावणेसातच्या सुमाराला नेरूळहून ठाणे लोकल पकडली. खिडकीची जागा मिळाली, हेच मोठं. तुर्भ्यापर्यंत अर्धवट झोपेत होते. घणसोली-रबाळ्याच्या पुढे एका बाजूला पारसिकचा डोंगर दिसायला लागला. आठवड्याभरापूर्वी तो वाळक्या गवताचा पिवळा होता, आता चिंब काळा. ठाण्याला उतरून आत्याला घेतलं आणि शेतकरी बाजाराला जायला रिक्षा केली. घोडबंदर रोडचं वर्णन करण्यात अर्थ नाही. डोक्यावर मेट्रो चारचे खांब, खाली खड्डे. रविवार असल्यामुळे मानपाड्यापर्यंत निदान पोचलो तरी.

हा बाजार एका मोकळ्या मैदानावर भरतो, मागे येऊरचे डोंगर. एका बाजूला शेतमाल, दुसऱ्या बाजूला हातकामाच्या वस्तू, मध्ये भजी, थालीपीठ आणि चहा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. 2016 साली सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळ्यांच्या नावाने शहरात शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. तेव्हापासून 'थेट शेतातून' ही पाटी मुंबई-ठाण्यात इतकी झाली की आता त्या पाटीकडे कुणी बघतही नाही. आत्या बघते. ती बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती.

पहिल्याच मोठ्या स्टॉलवर ती थांबली. ढोबळी मिरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या. ब्रोकोली, स्वीटकॉर्न, ड्रॅगनफ्रूट आणि कोपऱ्यात सफरचंदं, प्रत्येकावर गोल स्टिकर.

"शेत कुठलं तुमचं?"

"नारायणगाव, काकू."

"आणि ही सफरचंदं?"

तो मुलगा हसला. बिचारा विशीचा असेल, पगारी. "ती पण ठेवायला लागतात, काकू. लोक विचारतात."

त्याचं उत्तर मला तरी प्रामाणिक वाटलं. आत्याने तिथून काहीच घेतलं नाही, पण जाताना त्याला म्हणाली, "मिरची चांगली आहे रे."

पलीकडे पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचे एक काका तांदळाची पाच-सहा पोती उघडी ठेवून बसले होते. वाडा कोलम. त्याला तिकडे झिनी म्हणतात, आणि 2021 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा बारीक, किंचित मातकट पांढरा, आपल्याला पॉलिशवाल्या तांदळाची सवय असल्याने पहिल्यांदा जुनाट वाटतो. काकांनी मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारली. "पोत्यावर वाडा कोलम छापलेलं असतं ते सगळं वाड्याचं नसतं, ताई. तेवढी भातशेती आमच्याकडे आहे तरी का?" मग आपण होऊन म्हणाले की नवा तांदूळ घेऊ नका, चिकट होतो, हा मागच्या वर्षीचा आहे. दोन किलो घेतला. भाव केला नाही. आत्यानेही केला नाही, याची नोंद व्हावी.

हातकामाच्या बाजूला गर्दी कमी होती. वारली चित्रांचे तीन स्टॉल. कप, किल्ल्यांचे जुडगे, मोबाइलची कव्हरं, सगळ्यांवर तारपा नाच. एकाच स्टॉलवर मागे, विकायला नव्हे तर टांगायला म्हणून, कापडावर एक चौक होता. मध्ये पालघाट देवी, भोवती नक्षीची चौकट. लग्नघरात भिंतीवर सवाष्णी हा चौक तांदळाच्या पिठाने काढतात, त्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्टॉलवरच्या बाईंना मी चौकाची किंमत विचारली तर म्हणाल्या, "तो आमच्या घरचा हाय. कप घ्या ना." मी कप घेतला. घरी अकरा कप आहेत.

रोवळी मात्र मिळाली. बांबूकाम करणारं एक जोडपं जमिनीवर गोणपाट टाकून बसलं होतं. बाई विणत होत्या, बाप्ये गिऱ्हाईक बघत होते. त्यांच्यामागे एक इरलं उलटं ठेवलेलं होतं. बांबूच्या जाळीचा सांगाडा, आत पानांऐवजी निळं मेणकापड. माझ्या आजोबांच्या गावी लावणीच्या वेळी वाकलेल्या बायकांच्या पाठीवर असायचं तसंच, फक्त निळं. विकायचं आहे का विचारलं तर म्हणाले, "एक जण हॉटेलात लावायला घेऊन जाणार हाय." रोवळी हातात घेऊन मी बोट फिरवलं. आतून गुळगुळीत, कडेला मात्र एक कूस लागली. बाईंनी रोवळी माझ्या हातातून काढून घेतली, कोयत्याच्या पाठीने कड दोनदा घासली, परत दिली. "बांबू अंधारातला हाय, कीड नाय लागायची." म्हणजे कृष्णपक्षात तोडलेला. तेव्हा बांबूत गोडी कमी असते, म्हणून भुंगा पोखरत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी नेल्यावर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, हेही सांगितलं.

एवढं सगळं फिरलो आणि शेवळं कुठेच नाहीत. आत्याचा चेहरा उतरला. आयोजकांच्या टेबलावर विचारलं, तर तिथला टापटीप माणूस म्हणाला, "रानभाजी स्टॉल नाहीये या वेळी. स्टॉलचं भाडं त्या लोकांना परवडत नाही." आणि लगेच मला सेंद्रिय साबणाचं पत्रक दिलं.

शेवळं फाटकाबाहेर होती. पदपथावर, चपलांच्या ढिगाशेजारी, चौघीजणी प्लास्टिक अंथरून बसल्या होत्या. शहापूरकडच्या. पहाटेच्या लोकलने आसनगावहून ठाण्याला, तिथून वाटे डोक्यावर घेऊन बसने इथे. पुढ्यात शेवळांच्या जुड्या, करड्या-जांभळ्या, टोकाला मिटलेल्या. थोडी कवळ्याची भाजी आणि पानांच्या द्रोणात जांभळं. मैदानात जिथे तिथे 'थेट शेतातून' लिहिलेलं, आणि जे खरंच थेट रानातून आलं होतं ते फाटकाबाहेर गटाराच्या झाकणावर. त्यांच्याकडे पाटी नव्हती.

"किती, मावशी?"

"पन्नासला जुडी. उद्या नाय गावायची."

आत्याने तीन जुड्या घेतल्या आणि एक शेवळ सोलून मला दाखवलं, जणू मी पहिल्यांदा बघतेय. बाहेरचं जांभळं आवरण उलगडलं की आत दांडा, त्याच्या खालच्या भागावर पिवळसर दाणे. ते दाणे खरवडून टाकायचे, खाज त्यांची सगळ्यात जास्त. आवरण आणि दांडा बारीक चिरायचा, हाताला तेल लावून. शेवळात कॅल्शियम ऑक्झालेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. त्यावर आंबटाचा उतारा, म्हणून शेवळांबरोबर काकडं. आवळ्याहून लहान, हिरवी, तुरट-आंबट फळं. मावशींनी मागितल्याशिवाय प्रत्येक जुडीवर मूठभर काकडं टाकली. "ठेचून रस घाल. सगळी घाल हां ताय."

दहा चाळीसची गाडी मिळाली. मांडीवर रोवळी, रोवळीत तांदूळ, तांदळावर शेवळं. समोरच्या बाईंनी ऐरोलीला विचारलं, कुठे मिळाली. रबाळ्याला तिसरी बोलायला लागली की त्यांच्याकडे सोडे घालून करतात. कोपरखैरण्यापर्यंत डब्यात खिमा की कोलंबी यावर वाद झाला, आणि ज्यांनी जन्मात शेवळं खाल्ली नव्हती त्याही त्यात होत्या.

रात्री मी सोडे घालूनच केली. रंग छान आला, वासही आत्याकडच्यासारखा. पहिल्या घासाला काही नाही. तिसऱ्या घासाला घशात बारीक काहीतरी कुरतडायला लागलं. नवरा न बोलता उठला आणि कोकमाची बाटली काढली. मी आत्याला फोन लावला.

"किती काकडं घातलीस?"

"सहा-सात. फार आंबट होईल वाटलं."

"तिने मूठभर दिली होती ना?"

"हो, पण मूठभर म्हणजे..."

"तिची मूठ, बाळा. तुझी नव्हे."

उरलेली काकडं फ्रीजच्या दारात आहेत. आत्या म्हणते, लोणचं घाल.