कॅरियर जितका दणकट, तितकी मला भीती

पावसाळा जवळ आला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक वाढतं. तिशीच्या आतली दोन-तीन पोरं, एक बोलेरो नाहीतर जुनी जिप्सी, आणि मोबाइलवर कुठल्यातरी ऑस्ट्रेलियातल्या गाडीच्या छपरावरच्या सामानाच्या कॅरियरचा फोटो. "असलंच करून द्या की." दुकानदार पाइप कापतो, टाके मारतो, काळा रंग फासतो, आणि तयार कॅरियरपेक्षा कितीतरी कमी पैशात काम होऊन जातं. यात मला काही वावगं वाटत नाही. बेळगावातलं कास्टिंग आणि मशीनिंग देशभर जातं, चार पाइप जोडायला इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

मी एका कारखान्यात वेल्डिंग तपासतो, त्यामुळे असलं काम दिसलं की खाली वाकून बघायची खोड आहे. माझी तक्रार कारागिरीबद्दल कमी आणि एका समजुतीबद्दल जास्त आहे. कॅरियर जेवढा जाड आणि जड, तेवढा सुरक्षित, असं सगळ्यांनी मनात धरलंय. अरे पण छप्पर तेच राहिलं ना? त्याचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. वर तुम्ही पूल बांधला तरी खालचे खांब कंपनीनं दिले तेच.

माझ्या भाच्याची बोलेरो आहे, खानापूर भागात त्याची शेती. खताची पोती, पाण्याचे पाइप, आणि सुट्टीला मित्रांना घेऊन चोर्ल्याकडे नाहीतर तिलारीकडे भटकंती, सगळं एकाच गाडीत. त्यानं कॅरियर करून घेतला आणि मला दाखवायला आणला. मी गाडीभोवती फिरतोय, तो मागं मागं. "मामा, काय बघालाय एवढं? चार माणसं वर नाचली तरी हलत न्हाई." फॅब्रिकेटरनंही त्याला छातीठोक सांगितलं होतं, "एनू आगंगिल्ल री, गट्टी ऐति." म्हणजे काही होत नाही, मजबूत आहे. गट्टी होताच. पंचवीस बाय पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप, १६ गेज जाडीचा, दोन मजली कठडा, आणि तळाला तीन मिलिमीटरची चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा.

ती प्लेट बघून मी त्याला म्हटलं, आधी हा उतरव आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेव. तो हसला, पण उतरवला. काटा ८७ किलोवर थांबला. रिकामा कॅरियर! हिशोब अवघड नाही. तो पाइप मीटरला सव्वा किलोपेक्षा थोडा कमी भरतो. पावणेदोन-दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद चौकटीला आडव्या दांड्यांसकट वीस-बावीस मीटर पाइप लागतो, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. पण तीन मिलिमीटर चेकर प्लेट चौरस मीटरला २५ किलोच्या वर जाते. दोन चौरस मीटरांची ती एकटीच पन्नास खाते.

आता गाडीच्या मालकाच्या पुस्तकात छपरावरच्या वजनाचा आकडा असतो. फार थोडी माणसं ते पान उघडतात. बहुतेक गाड्यांचा आकडा ५० ते १०० किलोच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि त्यात कॅरियरचं वजन धरलेलं असतं. तोही चांगल्या रस्त्याचा. कॅरियर बनवणाऱ्या काही परदेशी कंपन्या कच्च्या वाटेसाठी आपला आकडा दीडनं भागायला सांगतात. म्हणजे ७५ लिहिलं असेल तर माळावर ५० धरा. भाच्याच्या गाडीचा सगळा वाटा सामान चढवायच्या आधीच संपला होता. त्यावर दोन भरलेले कॅन, जादा टायर, ताडपत्री, टिकाव-फावडं, म्हणजे १६० किलो कुठे गेले नाहीत.

एवढ्यानं काय होतं म्हणाल, तर कागदावर मांडून बघू. समजा गाडी १६०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर, आणि दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर. १६० किलो दोन मीटरच्या जरा खाली ठेवले की गुरुत्वमध्य ११ सेंटीमीटरनं वर सरकतो. गाडी कलंडायचा कागदावरचा कोन ४५ अंशांवरून ४१ च्या खाली येतो. पोरं म्हणतात, चार अंश म्हणजे काय मोठं! पण उतारावर आडवं जाताना खालच्या बाजूची चाकं २० सेंटीमीटरच्या चरात उतरली की तेवढ्यानंच गाडी आठ अंश कलते. शिवाय स्प्रिंग दबतात, टायर दबतो, आणि वरचं वजन घागरीतल्या पाण्यासारखं एकदा डुललं की लगेच थांबत नाही. प्रत्यक्षातला कोन कागदापेक्षा बराच आधी येतो. खडीच्या जुन्या खाणीत आडवी गाडी घालायची हौस असेल तर छप्पर रिकामं ठेवून जावं, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मेख पायांत असते. बोलेरोला छपराच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जायची गटर आहे, कॅरियरचे पाय तिथंच बसतात. ही गटर म्हणजे दुमडलेला पत्रा, ठिपक्याठिपक्यांच्या स्पॉट वेल्डनं जोडलेला. भाच्याच्या कॅरियरला चार पाय होते, प्रत्येक जेमतेम चार सेंटीमीटर रुंद, पट्टी वाकवून केलेले, आणि एकेक सहा मिलिमीटरचा बोल्ट. ८७ किलो वजन दोन बोटं रुंदीच्या चार जागी! खड्ड्यात चाक आपटलं की ते घटकाभर दुप्पट-तिप्पट होतं. गटर तिथं आधी किंचित उघडते, मग रंगाला केसासारखी भेग पडते, भेगेत पाणी, आणि कणकुंबी-आमगावच्या पावसात दोन हंगामांत गंज आतल्या अस्तरापर्यंत.

दुसरं म्हणजे असला पाय गाडीला उभ्या दिशेनं धरतो, पुढं सरकायला अडवतो ते निव्वळ घर्षणानं. करकचून ब्रेक मारला तर १६० किलोंचा पुढचा रेटा सव्वाशे किलोच्या घरात जातो. धडक झाली तर त्याच्या कित्येक पट. अशा वेळी पाइप किती जाड होता याला काही अर्थ उरत नाही. आख्खा सांगाडा, सामानासकट, बॉनेटवरून पुढं जातो. पाइप जाड म्हणून तो पुढच्याला जास्त लागतो, इतकंच.

म्हणून पाय सहा करायचे, दारांच्या मधल्या खांबांजवळ आणि पुढच्या-मागच्या खांबांजवळ, प्रत्येक दहा-बारा सेंटीमीटर रुंद, खाली रबर, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून गटर पकडणारे. आठ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट, आणि थरथरीनं सहजी सैल न होणारा नायलॉक नट. आवळून झालं की नट आणि बोल्टवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना न लावता चहा पिता पिता कळतं.

ज्यांच्या गाडीला कापडी टप किंवा बाहेरून बसवलेला फायबरचा टप आहे, त्यांनी टपावर कॅरियर ठेवायचा विचारच करू नये. तिथं भार थेट बॉडीवर किंवा बाहेरच्या पाइपच्या पिंजऱ्यावर उतरला पाहिजे. आणि छपराला भोकं पाडून बोल्ट मारणाऱ्यांना मी हात जोडतो.

वेल्डिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण ते माझं घर आहे. पाइप बहुधा मधे तुटत नाही. तुटतो तो टाक्याच्या कडेला, जिथं वेल्ड संपतं आणि मूळ धातू सुरू होतो. तिथं करंट जास्त झाला तर पाइपच्या अंगात बारीक खाच पडते, आम्ही तिला अंडरकट म्हणतो. १६ गेजच्या पाइपची जाडीच १.६ मिलिमीटर, त्यात पाव मिलिमीटर खाच म्हणजे केवढी! रोजच्या थरथरीनं भेग तिथूनच निघते. पाय आणि चौकट यांच्या कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्यायला सांगा, थरथर एकाच रेघेवर येत नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरला असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढलं पाहिजे, नाहीतर वेल्ड आतून भोकाभोकाचं होतं आणि तो धूर वेल्डरच्या छातीत जातो. सगळ्या बाजूंनी बंद केलेल्या पाइपला खालून एक पाच मिलिमीटरचं भोक ठेवा, आत शिरलेलं पाणी बाहेर जायला.

भेग बघायची जुनी युक्ती घरीही करता येते. शंका असलेल्या जोडावरचा रंग घासून काढायचा, रॉकेल नाहीतर डिझेल लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं, आणि वर शाळेचा पांढरा खडू घासायचा. भेग असेल तर आत गेलेलं तेल हळूहळू वर येतं आणि खडूवर एक ओली काळपट रेघ उमटते. भाच्याच्या एका पायाला ती उमटली. फॅब्रिकेटरला बोलावून दाखवली, तर तो बिचारा दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "वजन ठेवणार म्हणून प्लेट जाड घेतली ओ, पायाचं ध्यानात नाही आलं." प्रामाणिक माणूस. नवे पाय त्यानंच केले, आणि चांगले केले.

चेकर प्लेट काढली, तिथं हलकी जाळी आली. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि वाराही खालून निघून जातो. पत्र्याचा तळ किंवा पुढं लावलेला पत्र्याचा बोर्ड वारा अंगावर घेतो. ताशी ९० किलोमीटरला एक चौरस मीटर उभा पत्रा ३८ किलोच्या आसपास रेटा खातो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. महामार्गावर धारवाडकडे जाताना शिट्टी वाजणारे कॅरियर ऐकले असतील, ते नुसते गात नसतात.

बांधायला नायलॉनची दोरी नको, भिजली की सैल पडते. पॉलिस्टरचा, खटक्यानं आवळायचा रॅचेट पट्टा घ्या, आणि पाइपची कापलेली कड त्याला घासणार नाही एवढं बघा. लवचिक हुकाची दोरी ताडपत्री फडफडू नये म्हणून ठीक, ओझ्यासाठी नाही. पाणी, हत्यारं, जॅक खाली, गाडीच्या पोटात. वर तंबू, अंथरुणं, ताडपत्री, चटया. पेट्रोलचा कॅन वर बांधून हिंडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करायला आडकाठी घालतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं याच कलमाचा आधार घेऊन बुलबारविरुद्ध, म्हणजे बंपरपुढं बसवायच्या लोखंडी कठड्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. नटबोल्टनं बसवलेला, काढता येणारा कॅरियर आणि बॉडीला वेल्ड करून टाकलेला सांगाडा यात म्हणूनही फरक आहे. गाडीवर वेल्ड मारायचंच झालं तर बॅटरी आधी सोडा, नाहीतर गाडीचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळून त्याचं बिल येईल. आणि कलम १२३ सांगतं की छपरावर माणूस बसवायचा नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला रस्त्यावर उभं राहून बघा, कलम कुणाला पाठ आहे ते! खाली गच्च भरलेली ट्रॅक्स जीप, वर कॅरियरवर पोरं, आणि पोरांच्या मांडीवर पुरणपोळीचे डबे.

भाच्याशी सगळं जमलं, एक सोडून. त्याला कॅरियरच्या पुढच्या कडेला भलामोठा लाइट बार, म्हणजे दिव्यांची आडवी पट्टी हवीय. मी म्हटलं, जांबोटीच्या पुढं धुकं उतरलं की वरून पडलेला उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो, बॉनेट चकाकतं आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे दिवे खाली बंपरजवळ लावतात ते उगाच नव्हे. तो म्हणतो, "मामा, धुक्यात बंद ठेवतो की. माळावर लावतो." हे मात्र त्याचं बरोबर आहे. मी बोल्ट कुठले घ्यायचे ते सांगितलं, लाइटचे पैसे त्याचे त्यानं बघावेत.