रक्त कमी, तरी लोह नको

14 मे, चंद्रपूर. गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा.

आज हिमोग्लोबिन 7.8 आलं. माझं नेहमी एवढंच असतं, पण रिपोर्ट बघणाऱ्याचा चेहरा पडतो. मागच्या आठवड्यात लग्नाच्या गावी पोटात दुखलं म्हणून एका दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी पुरतं ऐकून न घेताच लोहाचं सलाईन लिहायला घेतलं. मी सिकलसेलचं कार्ड पुढे केलं, तेव्हा पेन थांबलं. फार राग आला. माझ्याजागी न बोलणारी एखादी असती तर?

माझं रक्त लोहावाचून कमी नाही. माझ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात नि लवकर फुटतात. इतरांच्या 120 दिवस टिकतात, माझ्या दहा-वीस. लहानपणापासून चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठलंय ते वेगळंच. तपासणीत खरंच कमी निघालं तरच लोह घ्यायचं, असं आमच्या मॅडमनी बजावलंय. फॉलिक ॲसिड मात्र रोज.

आई-बाबा दोघंही वाहक, म्हणजे सिकलसेलचा दोष अंगात पण आजार नाही, नि दोघांनाही पत्ता नव्हता. म्हणून लग्नाआधी मी पत्रिका नाही, ह्यांचा रिपोर्ट पाहिला. एए, म्हणजे सिकलसेलचा दोषच नाही. बाळ वाहक होईल, पण माझ्यासारखं दुखणं त्याला नसेल. तेवढ्यावर मी रात्री झोपते.

बाकी जीव टांगणीलाच. बीपी वाढू शकतं, वारेतून रक्त कमी पडून बाळाची वाढ खुंटू शकते, दिवस भरायच्या आधीच कळा येऊ शकतात. ताप, धाप किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट जिल्हा गाठायचा. सिकलसेलच्या वेदना कमी ठेवणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दिवस राहायच्या तीन महिने आधीच बंद केलं. मार्चमध्ये दोन रात्री मांड्यांची हाडं अशी ठणकली की चादर तोंडात धरली.

त्यात हे ऊन. अंगातलं पाणी आटलं की पेशी वाकायला निमित्तच मिळतं. ह्यांनी उशाशी तांब्या ठेवलाय, रिकामा झाला की भिंतीवर खडूची रेघ. आज पाच झाल्यात. सासूबाई दारातूनच विचारतात, "सहावी कधी गं?"

मावशी सातव्या महिन्यात गेली. घरात अजून म्हणतात, रक्त आटलं तिचं. तपासणी कधी झालीच नाही.

धाकटी वाहक आहे, तिला स्थळं येताहेत. आता फोन करून सांगितलं, मुलाचा फोटो नंतर, रिपोर्ट आधी मागव.